चिखलावरच्या वेडर पक्ष्यांचा दिवस कसा मोजायचा: घड्याळ नंतर, आधी पाणी

दर हिवाळ्यात दोन-तीन वह्या तरी माझ्यासमोर येतात. शिवडी, ऐरोली, उरण इथं जाऊन मुलांनी मन लावून केलेल्या नोंदी. सकाळी ७ ते १०, दीडशे ओळी, आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष: ‘पक्षी ८५ टक्के वेळ खाण्यात घालवतात.’ ओळी सगळ्या खऱ्या असतात. निष्कर्ष तेवढा चुकलेला असतो, आणि इतकी मेहनत वाया गेलेली बघून मला फार वाईट वाटतं.

चूक बहुतेकदा एकच असते. वेडर म्हणजे चिखलात, उथळ पाण्यात चालत खाणारे पक्षी. स्टिंट, सॅन्डपायपर, प्लोव्हर, गॉडविट या मंडळींचा दिवस सूर्यावर कमी आणि पाण्यावर जास्त चालतो. चिखल उघडा पडला की खायचं, झाकला की उंच जागा गाठून थांबायचं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे तीच वेळ रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. तुमची ‘सकाळी ७ ते १०’ पौर्णिमेला चढत्या पाण्यावर पडते आणि अष्टमीला उतरत्या पाण्यावर. दोन्ही नोंदी एका रकान्यात घातल्या की त्यातून काहीच कळत नाही.

खालची पद्धत मुंबई आणि ठाणे खाडीचा चिखल डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. पहिले चार टप्पे घरी आणि सुरुवातीच्या रिकाम्या फेऱ्यांत उरकायचे आहेत. ते टाळून थेट दुर्बीण लावली की पुढचं सगळं लंगडं होतं.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘वेडर पक्षी दिवसभर काय करतात’ असा प्रश्न घेऊन जाऊ नका. असा लिहा: ‘नोव्हेंबरात, उजेडाच्या वेळी, या ठरावीक पट्ट्यातले कर्ल्यू सॅन्डपायपर भरती-ओहोटीच्या एका फेऱ्यात किती वेळ खातात, किती वेळ थांबतात?’ महिना, उजेड, जागा, जात आणि फेरा, पाचही गोष्टी वाक्यात हव्यात.

जाती दोनच घ्या. माझा सल्ला: एक प्लोव्हर आणि एक सॅन्डपायपर. चिखल्या, म्हणजे प्लोव्हर, डोळ्यांनी शिकार करतो. धावतो, थबकतो, बघतो, टिपतो. सॅन्डपायपर चोचीच्या टोकाने चिखल चाचपत जातो, तिथल्या संवेदनशील पेशींना आतला किडा जाणवतो. एकाच चिखलावर एकाच वेळी या दोघांचा वेळ वेगळ्या तऱ्हेने खर्च होतो, आणि ही जोडी घेतली की मोजण्याच्या अडचणीही लवकर समोर येतात.

कर्ल्यू सॅन्डपायपर निवडायला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनच्या, म्हणजे जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत त्याला आणि ग्रे प्लोव्हरला ‘असुरक्षित’ गटात टाकलं गेलं. आपल्या चिखलावर हे पक्षी अजून दिसतात, तोवर त्यांच्या नीट नोंदी व्हायला हव्यात.

तपासणी: जुन्या याद्यांमधल्या ‘लेसर सॅन्ड प्लोव्हर’चे आता दोन भाग झाले आहेत, सायबेरियन आणि तिबेटन. पश्चिम किनाऱ्यावर आपल्याला दिसतो तो मुख्यतः तिबेटन. वहीत कोणतं नाव वापरणार ते आजच ठरवा, मधेच बदलू नका.

## टप्पा २: पट्टा आखा आणि उजेड बघा

पूर्ण खाडी मोजायची नसते. दुर्बिणीतून पक्षी काय करतोय हे नक्की कळेल एवढाच पट्टा घ्या. त्याच्या चारही कडा ओळखता येतील अशा खुणा धरा: एखादा खांब, तिवरांचं शेवटचं झुडूप, बुडालेल्या होडीचा सांगाडा, वाहाळाचं तोंड. कागदावर कच्चा नकाशा काढा.

लांबच्या छोट्या पक्ष्यांसाठी तिपाईवरचा २०–६० पटीचा स्कोप लागतो. ८×४२ची दुर्बीण थवा शोधायला उत्तम, पण दोनशे मीटरवरचा स्टिंट टिपतोय की नुसता वाकलाय हे तिच्यातून ठरवू नका.

उजेडाची बाजू आधी बघून ठेवा. शिवडीला आपण मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर उभे राहून पूर्वेकडे बघतो, म्हणजे सकाळचं ऊन थेट डोळ्यांत. पक्षी नुसते काळे आकार दिसतात. तिथं दुपारनंतर काम चांगलं होतं. ऐरोलीच्या बाजूला उलटं: सकाळ सोन्यासारखी, संध्याकाळ डोळ्यांत. आणि कुठेही गेलात तरी भर दुपारी तापलेल्या चिखलावरून हवा थरथरते. त्या वेळी स्कोपची पट वाढवू नका, कमी करा आणि जवळचे पक्षी घ्या.

सावधान: चिखलात उतरायचं नाही. खाडीचा गाळ वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो. शिवाय भरती समोरून येते असं आपल्याला वाटतं, पण पाणी आधी मागच्या वाहाळांतून भरतं आणि परतीची वाट बंद करतं. बांध, जेटी, रस्ता यांवरूनच बघा, आणि सोबत कुणीतरी असू द्या. ठाणे खाडीतला फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ पासून संरक्षित आहे. त्या हद्दीत काम करायचं तर वन विभागाची परवानगी आधी घ्या.

## टप्पा ३: पाण्याचा तक्ता बनवा

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

मुंबईसाठी छापलेल्या किंवा अॅपवर मिळणाऱ्या भरती-ओहोटीच्या वेळा बहुधा अपोलो बंदराच्या असतात. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. म्हणून पहिल्या फेरीत पक्षी मोजूच नका. पट्ट्यातला एखादा खांब धरा, दर दहा मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते लिहा आणि पाणी नेमकं कधी फिरतं ते पकडा. तक्त्यातली वेळ आणि तुमच्या खांबाची वेळ यांतला फरक हाच तुमचा दुरुस्तीचा आकडा. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) एकदा आणि भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला) एकदा, असा दोनदा काढा.

अॅप नसलं तर कोळीवाड्यातला हिशेब आहेच: तिथीला पाऊणने गुणा, भरतीचा तास मिळतो. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमाराला. तासभर इकडेतिकडे होतं, पण दिवस ठरवायला तेवढं पुरतं. मला हा हिशेब माशांच्या पाट्या उचलणाऱ्या एका मावशींनी शिकवला. त्यानंतर मी कॅलेंडरवर आधी तिथी बघू लागलो.

आता याच हिशेबातून एक अडचण उभी राहते, आणि मुंबईत काम करणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घेतली पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथली भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला. भांगाला उलट: भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला, ओहोटी भर दुपारी. तुम्ही ‘दुपारच्या ओहोटीला पक्षी असे वागतात’ असं लिहिलंत, तर ती नोंद जवळजवळ नेहमी भांगाची असणार. ‘पहाटेच्या ओहोटीला’ लिहिलंत, तर उधाणाची. सकाळ आणि दुपार यांची तुलना केली असं आपण समजतो, आणि प्रत्यक्षात उधाण आणि भांग यांची तुलना झालेली असते. यातून सुटायला एकच उपाय आहे: प्रत्येक फेरीच्या डोक्यावर तिथी आणि पाण्याची उंची लिहायची, आणि उधाणाच्या फेऱ्या व भांगाच्या फेऱ्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या.

उधाणाच्या पूर्ण ओहोटीला आणखी एक गंमत घडते. पाणी इतकं दूर जातं की पाण्याच्या कडेने खाणारे पक्षी त्याच्याबरोबर निघून जातात, स्कोपच्या पल्ल्याबाहेर. समोर उरतात वरच्या, सुकत आलेल्या चिखलावरचे काही चिखल्या. नवखा माणूस लिहितो, ‘आज पक्षी कमी होते.’ कमी नव्हते, लांब होते.

मग वहीतली वेळ अशी लिहा. पूर्ण ओहोटी म्हणजे शून्य. तिच्या आधीचे तास वजा, नंतरचे अधिक. ‘सकाळी ९:२०’ ऐवजी ‘वजा २’ हा मुख्य रकाना. घड्याळाची वेळ शेजारी छोट्या अक्षरांत ठेवा.

तपासणी: पुढच्या महिन्याचे निदान आठ दिवस निवडून झाले का? त्यात चार उधाणाचे, चार भांगाचे आहेत का? रविवार सोयीचा म्हणून फक्त रविवार घेतलेत, तर एकाआड एक रविवारी साधारण तेच पाणी तुमच्या वाट्याला येईल.

## टप्पा ४: वागण्याची यादी, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ

यादी छोटी ठेवा. एका क्षणी पक्षी एकाच खणात बसला पाहिजे.

खाणे: चोच चिखलात किंवा चिखलाकडे, किंवा घास गिळताना, किंवा मान खाली घालून शोधत चालताना. 
थांबलेला: प्लोव्हरसाठीच, धावेच्या मधला थांबा. 
आराम: चोच पाठीच्या पिसांत, किंवा एका पायावर मान आखडून. डोळा उघडा दिसला तरी आरामच. हे पक्षी झोपेतही अधूनमधून एक डोळा उघडून बघतात. 
पिसं साफ करणे: अंघोळ आणि अंग ताणणं यातच. 
सावध: मान ताणलेली, चोच आडवी, खाणं बंद. 
हालचाल: उडणं, किंवा मान वर ठेवून सरळ चालत जाणं. 
भांडण: दुसऱ्यावर धावणं, हाकलणं.

‘थांबलेला’ हा वेगळा खण का, ते सांगतो. प्लोव्हर दोन-तीन पावलं धावतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो. तो उभा असताना काहीच करत नाही असं दिसतं, आणि बहुतेक वह्यांत त्याला ‘उभा’ किंवा ‘आराम’ असं टाकलेलं असतं. खरं तर त्या थांब्यात त्याचं सगळं काम चाललेलं असतं: किड्याची जराशी हालचाल टिपण्यासाठीच तो थांबलेला असतो. अशा नोंदींनी प्लोव्हर आळशी ठरतो आणि सॅन्डपायपर कष्टाळू. म्हणून स्कॅन करताना, म्हणजे थव्यावरून नजर फिरवून मोजताना (टप्पा ५), ‘थांबलेला’ वेगळा मोजा. त्यातला किती भाग खाण्यात धरायचा ते सहाव्या टप्प्यातल्या नोंदींवरून ठरेल.

तपासणी: सोबत्याला घेऊन एकच थवा दोघांनी पाच मिनिटं, एकमेकांशी न बोलता नोंदवा. शंभरातल्या नव्वदपेक्षा कमी नोंदी जुळल्या, तर पक्षी मोजायची वेळ अजून आलेली नाही. बांधावर बसून व्याख्या पुन्हा बोला. बहुतेकदा भांडण ‘सावध’ आणि ‘थांबलेला’ यांवरच होतं.

## टप्पा ५: स्कॅन, म्हणजे थव्यावरून एक नजर

पोचल्यावर पंधरा मिनिटं काहीही लिहू नका. तुम्ही आल्यामुळे जवळचे पक्षी बिचकलेले असतात, त्यांना विसरू द्या.

मग दर पंधरा मिनिटांनी एक स्कॅन. स्कोप पट्ट्याच्या डाव्या कडेवर लावा आणि एकसारख्या वेगाने उजवीकडे न्या. पक्षी काचेच्या मध्यावर आला, त्या क्षणी तो जे करत होता तेच बोला: ‘खा, खा, आ, खा, पि, था...’ बोललेलं मोबाईलवर रेकॉर्ड करा. वहीत बघण्यासाठी डोळा काढला की जागा हरवते, आणि परत लावताना नजर हमखास एखाद्या धावपळ करणाऱ्या पक्ष्यावर जाऊन पडते.

इथल्या तीन चुका सारख्या दिसतात.

पहिली, थांबून बघणं. पक्षी उभा दिसतो, तुम्ही ‘आता काहीतरी करेल’ म्हणून दोन सेकंद वाट बघता, तो टिपतो, तुम्ही ‘खा’ म्हणता. असं दहादा झालं की खाण्याचा आकडा फुगतो.

दुसरी, झोपलेले निसटणं. चोच पाठीत खुपसून बसलेला स्टिंट आणि चिखलातलं ढेकूळ यांत लांबून काही फरक नसतो. प्रत्येक फेरीत एकदा तरी त्याच पट्ट्यावरून अगदी सावकाश, फक्त ‘ढेकळं’ शोधत नजर फिरवा. किती निसटले होते ते लिहा.

तिसरी, माघारी फिरणं. उजवीकडून मधेच पुन्हा डावीकडे गेलात तर तेच पक्षी दोनदा मोजले जातात.

थवा हजारांत असेल तर सगळे घेऊ नका. आधीच ठरवा: प्रत्येक पाचवा. कोणता पाचवा हे मोजणी ठरवेल, मन नाही.

## टप्पा ६: एका पक्ष्यावर दोन मिनिटं

दोन स्कॅनच्या मधल्या वेळात एकेक पक्षी घ्या. स्कोप डोळे मिटून कुठेतरी फिरवा, थांबवा, आणि मध्याच्या सगळ्यात जवळ जो असेल तो तुमचा. तो झोपलेला असला तरी तोच. ‘हा काही करत नाहीये, शेजारचा घेऊ’ हा मोह सगळ्यांना होतो, आणि त्यानेच नोंदींचा तोल जातो.

दोन मिनिटं सलग रेकॉर्डिंग: काय चाललंय, किती वेळा टोचलं, किती वेळा गिळलं. पक्षी मधेच आडोशाला गेला तर ‘दिसेनासा’ म्हणा आणि वेळ थांबवा. अर्धवट नोंद फेकू नका, लांबीसकट ठेवा. वाहाळात उतरून खाणारे पक्षीच जास्त दिसेनासे होतात. त्यांना वगळलंत तर खाणाऱ्यांनाच वगळलंत.

या दोन मिनिटांत काय दिसतं ते एकदा नीट अनुभवा. कर्ल्यू सॅन्डपायपर पोटापर्यंत पाण्यात उभा, चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली. मग एकदम तो थांबतो, पाय रोवतो, आणि लांब लालसर किडा ताणत ताणत बाहेर ओढतो. किडा तुटू नये म्हणून जोर हळूहळू लावतो. बाहेर आला की शेजारच्या थारोळ्यात दोनदा खळबळतो, गाळ धुतो, मग गिळतो. या एका घासाला आठ-दहा सेकंद जातात आणि टोचण्याचा आकडा त्या वेळात शून्य असतो. म्हणूनच ‘मिनिटाला किती टोचण्या’ या आकड्यावरून कोण जास्त खातंय हे ठरवायचं नाही. गिळणं वेगळं मोजा. लहान घास दिसत नाहीत, तिथं ‘गिळणं दिसलं नाही’ असंच लिहा.

प्लोव्हरच्या नोंदींतून थांब्यांची लांबी काढा. टिपण्याआधीचे छोटे थांबे आणि नुसतं उभं राहणं यांत साधारण कुठे रेघ पडते, ते वीस-पंचवीस पक्ष्यांनंतर तुम्हालाच दिसायला लागेल. त्या प्रमाणात स्कॅनमधले ‘थांबलेले’ वाटून टाका. प्रमाण कसं काढलंत ते मात्र लिहून ठेवा.

## टप्पा ७: भरतीला पक्षी जातात तिथंही कुणीतरी बसलेलं हवं

बहुतेक अभ्यास इथंच अपुरे राहतात. चिखल झाकला, पक्षी उडाले, आपण डबा उघडला. त्यांच्या दिवसाचा राहिलेला भाग मोजलाच जात नाही.

पाणी चढताना पोट भरलेले पक्षी आधी निघतात. मागे राहतात ते भुकेले, आणि ते शेवटच्या वीतभर चिखलावरही खातच असतात. स्कॅनमध्ये दिसतं ९० टक्के खातायत, पण तोवर निम्मा थवा मिठागरात जाऊन चोच पाठीत घालून झोपलेला असतो. टक्केवारी पट्ट्यात असलेल्यांची असते, थव्याची नव्हे. म्हणून प्रत्येक स्कॅनला एकूण पक्षी किती होते हा आकडा हवाच, आणि त्याच वेळी मिठागराच्या किंवा तळ्याच्या बांधावर दुसऱ्या माणसाचं स्कॅन चालू हवं. माणूस एकच असेल तर एक फेरा चिखलावर, पुढच्या दिवसाचा तोच फेरा मिठागरावर.

मिठागरातही सगळे झोपत नाहीत. गॉडविट, कर्ल्यू (कर्ल्यू सॅन्डपायपर नव्हे) यांसारखे मोठे पक्षी सहसा थांबून राहतात. लिटल स्टिंट मात्र जेमतेम २०–३० ग्रॅमचा जीव. त्याला भरतीच्या वेळेतही उथळ पाण्यात टिपत राहताना तुम्ही नेहमी बघाल. शेकाट्याही तिथंच दिसतील, पण त्याला या हिशेबात आणू नका. त्याचं गणित भरती-ओहोटीला असं बांधलेलं नाही.

सावधान: झोपलेल्या थव्याच्या जवळ फोटोसाठी सरकू नका. भरतीच्या वेळी त्यांना जायला दुसरी जागा फार थोडी उरलेली असते. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत हा आराम त्यांच्यासाठी खाण्याइतकाच कामाचा असतो.

## टप्पा ८: थवा उठला तर

मार्श हॅरियर चिखलावरून सरकत गेली, घार खाली आली, कुत्री आली, तिसऱ्या काढायला बायका उतरल्या, होडीचं इंजिन सुरू झालं. थवा उठतो, दोन गिरक्या घेतो, बसतो. लिहायचं: वेळ, कारण, किती उठले, किती वेळाने पुन्हा खायला लागले. स्कॅन चालू ठेवा आणि त्या ओळीसमोर फुली करा. ती ओळ खोडू नका. उडून जाण्यात गेलेला वेळही त्यांच्याच दिवसातून गेला आहे.

पायावर अभ्यासकांनी लावलेली रंगीत झेंडी दिसली तर सगळं थांबवून ती वाचा: रंग, त्यावरची अक्षरं, डावा पाय की उजवा, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली. डावा-उजवा पक्ष्याचा, तुमचा नव्हे; समोरून बघताना हे हमखास उलटं होतं. नोंद बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा.

## टप्पा ९: हिशेब

इथं सरासरी काढताना घाई होते. एक मानलेलं उदाहरण घेऊ. ओहोटीच्या आगेमागे सहा तास पक्षी ९० टक्के खातात, भरतीच्या सहा तासांत १० टक्के. तुम्ही ओहोटीला २० स्कॅन केले, भरतीला ४. सगळ्यांची सरळ सरासरी येते जवळजवळ ७७ टक्के. प्रत्यक्षात दोन्ही भाग सारख्याच लांबीचे, म्हणून खरं उत्तर ५० टक्के. सत्तावीस टक्क्यांचा हा फरक पक्ष्यांनी पाडलेला नाही. तुम्ही कधी बसलात, त्याने पाडला.

म्हणून आधी प्रत्येक तासाची, म्हणजे वजा ६ ते अधिक ६ अशा प्रत्येक खणाची, वेगळी सरासरी. ती काढताना चिखल आणि मिठागर इथले पक्षी त्यांच्या संख्येच्या प्रमाणात धरा. मग सगळ्या खणांची सरासरी. एखादा खण रिकामा असेल तर शेजारच्यावरून भरू नका. त्या तासाला पुन्हा जा.

आणि एक: एका दिवसाचे चोवीस स्कॅन म्हणजे चोवीस पुरावे नाहीत. तोच थवा, तेच वारं, तेच पाणी. मोजायचं एकक आहे फेरा. दहा वेगवेगळ्या दिवसांचे दहा फेरे एका दिवसाच्या शंभर स्कॅनपेक्षा कितीतरी भारी.

## टप्पा १०: महिने मिसळू नका

ऑगस्टमध्ये येतात ते बहुतेक प्रौढ पक्षी, अंगावर विणीच्या रंगाचे विरलेले तुकडे घेऊन. यंदाची पिल्लं त्यांच्या मागून. हिवाळ्याच्या सुरुवातीला पंखांची पिसं बदलतात, तेव्हा पिसं साफ करण्याचा वेळ वाढलेला दिसेल. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला निघण्याआधी चरबी साठवायची असते आणि खाण्याची घाई वाढते. जूनमध्येही चिखलावर काही वेडर दिसतात. ते बहुधा पहिल्या वर्षाचे, न गेलेले. नोव्हेंबरची वही आणि एप्रिलची वही शेजारी ठेवा, एकत्र शिवू नका.

राहिली रात्र. हे पक्षी रात्रीच्या ओहोटीलाही खातात, आणि साध्या स्कोपमधून ते मोजता येत नाही. टॉर्च मारून बघायचा प्रयत्न अजिबात करू नका. तक्त्याच्या मथळ्यात ‘फक्त उजेडातल्या नोंदी’ असं स्पष्ट लिहा आणि रात्रीच्या बारा तासांचे खण तक्त्यात आखून कोरे ठेवा. वही वाचणाऱ्याला कोरा भाग दिसला पाहिजे.